आद्य इंग्रजी भाषा : स्थलांतरें, स्वाऱ्या आणि हस्तलिखितांची साक्ष

इंग्रजी भाषेच्या घडणीविषयीं आमच्याकडील सुशिक्षितांत एक समज फार दिवसांपासून रूढ आहे. तो असा कीं, मूळची सॅक्सन भाषा संस्कृताप्रमाणें विभक्तिप्रत्ययांनीं संपन्न होती, पुढें इ. स. १०६६ त नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यांच्या फ्रेंच भाषेचा आघात झाला, आणि त्या आघातानें सर्व प्रत्यय झडून पडले. शालोपयोगी पुस्तकांतून ही हकीकत पिढ्यानुपिढ्या उतरत आली असल्यामुळें तिच्याविषयीं सहसा कोणी शंका घेत नाहीं. परंतु त्या काळचीं चर्मपत्रें व शिलालेख तारीखवार मांडून पाहिले, तर गोष्ट निराळी दिसते. प्रत्ययांची झीज नॉर्मनांच्या आधीं निदान शंभर वर्षें सुरू झालेली होती, व ती उत्तरेकडे प्रथम दृष्टीस पडते. नॉर्मनांनीं जें मोडलें तें व्याकरण नव्हे. तें व्याकरण लेखांत टिकवून धरणारी लेखनशाळा त्यांनीं मोडली. जुनीं दप्तरें व पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस हा भेद मोलाचा वाटेल असें समजून तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

रोमन लोकांनीं इ. स. ४३ त ब्रिटन बेट जिंकावयास आरंभ केला तेव्हां तेथील लोक केल्टिक भाषा बोलत. रोमन अंमल सुमारें ४१० पर्यंत टिकला. तो उठल्यावर उत्तर समुद्रापलीकडून, म्हणजे हल्लींच्या जर्मनीच्या व डेन्मार्कच्या किनाऱ्याकडून, अँगल, सॅक्सन व जूट या जमाती आल्या. त्यांच्या आगमनाची प्रसिद्ध हकीकत बीड नांवाच्या विद्वान् मठवासीयानें ७३१ त पुऱ्या केलेल्या लॅटिन ग्रंथांत आहे, आणि ४४९ ही सर्वतोमुखी झालेली मितीहि त्याच्याच आधारावर चालत आली आहे. ग्रंथकार घटनेपासून पावणेतीनशें वर्षें दूर. तेव्हां आमच्या बखरींना जी कसोटी लावावयाची तीच येथेंहि लावणें प्राप्त होतें. लोकच्या लोक आले, कीं मूठभर सरदारांनीं येऊन देशस्थांवर आपली भाषा लादली, हा वाद पुष्कळ काळ चालला होता. २०२२ त प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मध्ययुगीन थडग्यांतील ४६० माणसांच्या अवशेषांतून आनुवंशिक द्रव्य काढून तपासण्यांत आलें. त्यांपैकीं २७८ माणसें इंग्लंडांतील होतीं. पूर्व व दक्षिण इंग्लंडांतील त्या काळच्या लोकांच्या वंशाचा शेंकडा ७६ पर्यंत भाग समुद्रापलीकडचा ठरला, आणि आलेल्यांत बायकाहि होत्या असें दिसून आलें. तेव्हां हें नुसतें सैन्याचें आक्रमण नसून कुटुंबकबिल्यासह झालेलें स्थलांतर होतें, असेंच आतां म्हणावें लागतें.

भाषेची साक्ष याशीं जुळते. जित लोकांच्या केल्टिक भाषेंतून इंग्रजींत आलेले जुने शब्द अगदीं थोडे: बिळांत राहणाऱ्या एका प्राण्याचें ‘ब्रॉक’ हें नांव, दरीवाचक ‘कूम’, असे कांहीं. नद्यांचीं नांवें मात्र टिकलीं. इंग्लंडांत एव्हन नांवाच्या एकाहून अधिक नद्या आहेत, आणि केल्टिक भाषेंत या शब्दाचा अर्थच मुळीं ‘नदी’. नवागतांनीं सामान्यनाम ऐकिलें व तें विशेषनाम समजून घेतलें. मूळच्या रहिवाशांना त्यांनीं ‘वेआल्ह’ म्हटलें. त्याचा अर्थ ‘परका’. पुढें ‘गुलाम’ असाहि झाला. त्या शब्दापासूनच आजचें ‘वेल्श’ हें नांव निघालें. आपल्याच भूमींत परका ठरलेल्या लोकांची हकीकत एवढ्या एका शब्दांत साठलेली आहे.

लॅटिन शब्दांचे या काळांत मुख्य थर दोन. समुद्र ओलांडण्यापूर्वींच या जमातींचा रोमन व्यापाऱ्यांशीं व शिपायांशीं संबंध आला होता. ‘स्ट्रीट’, ‘वाइन’, ‘वॉल’ हे शब्द त्यांनीं येतांना बरोबरच आणिले. दुसरा थर ५९७ पासूनचा. त्या सालीं ऑगस्टीन हा धर्मोपदेशक रोमहून येऊन केंटमध्यें उतरला व ‘मंक’, ‘मास’, ‘ॲबट’ असे ख्रिस्ती मठाचे शब्द येऊं लागले. त्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोमन लिपि आली. लॅटिनांत नसलेल्या ध्वनींकरितां पूर्वींच्या रून लिपींतील ‘थॉर्न’ व ‘विन’ हीं अक्षरें नव्या लिपींत सामावून घेण्यांत आलीं. केंटचा राजा एथेल्बर्ट याचे कायदे सुमारें ६०० सालचे. इंग्रजींतील इतका जुना दुसरा ग्रंथ नाहीं. परंतु त्यांची आज उपलब्ध असलेली एकमेव प्रत रॉचेस्टर येथें ११२० नंतरच्या दोनचार वर्षांत लिहिलेली आहे. मूळ व प्रत यांच्यामध्यें पांचशें वर्षें! त्या प्रतींत कांहीं फार जुनीं रूपें शिल्लक राहिलीं आहेत, हें खरें. पण कोणतें रूप मुळांतील व कोणतें नकलकारांचें, हा प्रश्न शब्दागणिक पडतो.

या आद्य इंग्रजीचें व्याकरण संस्कृतज्ञास परकें वाटत नाहीं. नामांस लिंगें तीन. विभक्ति प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी अशा चार, व तृतीयेचा कोठें कोठें अवशेष. विशेषण विशेष्याच्या लिंगवचनविभक्तीप्रमाणें चालतें. द्विवचन नामांतून गेलेलें, तरी सर्वनामांत जिवंत आहे: ‘विट्’ म्हणजे आम्ही दोघे, ‘यिट्’ म्हणजे तुम्ही दोघे. ‘आहे’ याला ‘इज्’ व ‘आहेत’ याला ‘सिंद्’; हीं ‘अस्ति’ व ‘सन्ति’ यांचीं सोयरीं होत हें सांगावयास नको. परंतु सर्वांत मौजेची जोडी दर्शक सर्वनामाची. पुल्लिंगीं ‘से’, स्त्रीलिंगीं ‘सेओ’, नपुंसकलिंगीं ‘थॅट्’. हीं ‘सः, सा, तत्’ यांशेजारीं ठेवून पाहावीं. संस्कृतांत ‘स’ केवळ पुल्लिंगाच्या व स्त्रीलिंगाच्या प्रथमेच्या एकवचनांत येतो व इतरत्र ‘त’ येतो. आद्य इंग्रजींतहि नेमकें तसेंच, फक्त ‘त’ च्या जागीं ‘थ’. हा विशेष दोन्ही भाषांनीं एकाच पूर्वजाकडून घेतला. वाचकांनीं ही ‘से, सेओ, थॅट्’ ची त्रयी लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काय झालें यावरच आमच्या प्रतिपादनाचा पुष्कळ भार आहे.

आतां दुसरें आक्रमण. ७९३ त नॉर्वेकडील चाच्यांनीं ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिस्फार्न मठ लुटला. लूट करून परत जाण्याचा हा क्रम पाऊणशें वर्षें चालला. ८६५ त मात्र डेन लोकांचें मोठें सैन्य राहण्याच्या तयारीनें आलें. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड यानें ८७८ त एडिंग्टन येथें त्याचा पराभव केला, व पुढें डेन राजा गुथ्रुम याच्याशीं तह होऊन सीमा ठरली. उत्तर व पूर्व भाग डेन लोकांच्या कायद्याखालीं गेला. हे लोक तेथें किल्ल्यांत राहिले नाहींत. त्यांनीं जमिनी नांगरल्या, शेजाऱ्यांच्या मुली केल्या. डर्बी, ग्रिम्स्बी, स्कन्थॉर्प अशीं ‘बी’ व ‘थॉर्प’ यांत संपणारीं शेंकडों गांवांचीं नांवें त्या वस्तीची नोंदवही होत.

त्यांची भाषा इंग्रजीची सख्खी नसली तरी चुलत बहीण होती, व एकमेकांचें बोलणें एकमेकांस बऱ्याच अंशीं समजे. म्हणून त्यांच्याकडून आलेले शब्द दरबारी नाहींत, घरगुती आहेत. ‘हजबंड’, ‘एग्’, ‘स्किन’, ‘स्काय’, ‘टेक’, ‘लॉ’ हे सर्व तिकडले. ‘विंडो’ हा शब्दहि त्यांचाच. त्याची फोड ‘वाऱ्याचा डोळा’. आमचा ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा. भिंतीच्या भोंकाला डोळा म्हणण्याची बुद्धि दोन दूरच्या लोकांना सारखीच सुचली, एवढेंच यांतून घ्यावें. अधिक नातें जोडूं नये. कधीं कधीं एकाच मूळ शब्दाचीं दोन्ही रूपें शेजारीं नांदूं लागलीं: देशी ‘शर्ट’ व उत्तरेकडील ‘स्कर्ट’ हीं भावंडें अर्थ वाटून घेऊन राहिलीं. आणि भाषेनें क्वचितच उसनी घ्यावी अशी वस्तु, म्हणजे सर्वनाम, तेंहि इंग्रजीनें घेतलें. ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ हीं तिन्ही रूपें डेन लोकांच्या बोलीपासून आलेलीं आहेत. पूर्वींचा ‘सिंद्’ हि गेला व उत्तरेकडील बोलींतलें ‘आर’ हें रूप सर्वत्र पसरलें. ज्या लोकांच्या तोंडचें ‘ते’ आणि ‘आहेत’ आपल्या तोंडीं बसतें, त्यांच्याशीं आपला व्यवहार चुलीपर्यंत पोंचला होता असें खुशाल समजावें.

आतां अडचण येथें आहे. डेन लोकांची वस्ती नवव्या शतकाच्या अखेरची. परंतु त्यांच्या शब्दांपैकीं बहुतेक लेखांत प्रथम सांपडतात ते बाराव्या-तेराव्या शतकांत. मधल्या अडीचशें वर्षांत ते होते कोठें? लोकांच्या तोंडीं होते. लेखांत येऊं शकले नाहींत, कारण लेखणी दुसऱ्या प्रांताच्या हातीं होती.

ती कशी, तें सांगतों. आल्फ्रेड राजानें ८९० च्या सुमारास व नंतर लॅटिन ग्रंथांचीं इंग्रजी भाषांतरें करविलीं. पोप ग्रेगरी याच्या ग्रंथाच्या भाषांतरास जोडलेल्या प्रस्तावनेंत, आपण गादीवर आलों तेव्हां हंबर नदीच्या दक्षिणेस लॅटिन पत्राचा अर्थ सांगूं शकणारे फारच थोडे उरले होते, अशी त्याची तक्रार आहे. वुस्टरच्या बिशपाकडे त्यानें पाठविलेली प्रत आज ऑक्सफर्ड येथें सुरक्षित आहे. राजाच्या हयातींतली, त्याच्याच आज्ञेनें निघालेली प्रत हातीं असण्याचें भाग्य विरळा. पुढें शंभर वर्षांनीं विंचेस्टर येथें बिशप एथेल्वोल्ड (९६३–९८४) याच्या मठांत या वेसेक्सी बोलीला शास्त्रशुद्ध रूप आलें. त्याचा शिष्य एल्फ्रिक यानें लॅटिनचें व्याकरण इंग्रजींतून लिहिलें; युरोपांत देशी भाषेंतून लिहिलेलें लॅटिनचें तें पहिलें व्याकरण होय. कँटरबरी, वुस्टर, एक्सेटर, जेथें जेथें मठांत लेखनिक बसत तेथें तेथें हीच भाषा लिहूं लागले, मग त्यांची घरची बोली कांहींहि असो. लेखी मायना एक व बोलणें एक, हें दप्तरें वाचणारांस नवें नाहीं.

आद्य इंग्रजीचें जें वाङ्मय आज उरलें आहे, सुमारें ३० लाख शब्दांचें, त्यांतील फार मोठा भाग या लेखनशाळेच्या हातचा आहे. कविता तर बहुतेक चार पोथ्यांत सामावते, त्या सर्व इ. स. १००० च्या आगेमागें लिहिलेल्या. त्यांपैकीं एक इटलींत व्हर्चेल्ली येथें आहे. बेओवुल्फ काव्याची एकमेव पोथी १७३१ च्या आगींत होरपळली. पानांच्या कडा ठिसूळ होऊन गळूं लागल्या असतां थॉर्केलिन नांवाच्या आइसलंडी पंडितानें १७८७ च्या सुमारास एक नक्कल करविली व दुसरी स्वतः केली. मूळ पोथींतून पुढें नाहींशीं झालेलीं शेंकडों अक्षरें आज केवळ त्या नकलांत वाचावयास मिळतात. जीर्ण कागदाची नक्कल उद्यांवर टाकणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. असो.

या एकसूत्री लेखनाचा पडदा ज्या थोड्या ठिकाणीं फाटलेला आहे तेथून आंत पाहतां येतें. अशीं दोन ठिकाणें आम्हांस विशेष निर्णायक वाटतात.

पहिलें लिंडिस्फार्नच्या प्रसिद्ध शुभवर्तमानांच्या पोथीचें. तिचा मूळ लॅटिन लेख आठव्या शतकाच्या आरंभींचा, अत्यंत देखणा. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऑल्ड्रेड नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें त्या ओळींच्या वर बारीक अक्षरांत शब्दशः इंग्रजी अर्थ लिहिला. त्याला डौलदार गद्य लिहावयाचें नव्हतें. शब्दावर शब्द ठेवावयाचा होता, म्हणून तो आपल्या उत्तरेकडील बोलींत लिहून गेला. त्याच्या लिहिण्यांत शेवटचा ‘न’ गळतो, विभक्तींच्या अंत्य स्वरांचा घोटाळा होतो, आणि क्रियापदांचा ‘थ’ हा प्रत्यय जाऊन त्या जागीं पुष्कळदां ‘स’ येतो. आजच्या इंग्रजींत तृतीय पुरुषीं जो ‘स’ लागतो त्याचा उगम उत्तरेकडे आहे. ही साक्ष नॉर्मन स्वारीच्या पूर्वींची, सुमारें शंभर वर्षें आधींची.

दुसरें ठिकाण दगडाचें. यॉर्कशायरांत कर्कडेल येथील देवळाच्या दारावर एक छायायंत्र बसविलेलें असून त्यावर लेख कोरलेला आहे. गामल याचा पुत्र ओर्म यानें मोडकळीस आलेलें देऊळ विकत घेऊन पायापासून नवें बांधविलें, असें त्यांत सांगितलें आहे. एडवर्ड राजा व टॉस्टी सरदार यांच्या कारकीर्दीचा उल्लेख असल्यामुळें तो १०५५ ते १०६५ या दहा वर्षांतील ठरतो. भाषा इंग्रजी, नांवें डेन-नॉर्वेजियन. आणि व्याकरण? शुद्ध लेखनशाळेप्रमाणें ‘गामलेस’ असें षष्ठीचें रूप हवें. दगडावर नुसतें ‘गामल सुना’ आहे. राजाचें व सरदाराचें नांवहि असेंच प्रत्ययावांचून. तृतीया-चतुर्थीचें ‘दगुम्’ (दिवसांत) हें अनेकवचनी रूप मात्र अजून शाबूत आहे. म्हणजे सर्व इमारत पडलेली नाहीं, पण कौलें उडूं लागलीं आहेत. आणि विल्यमचीं गलबतें अजून नॉर्मंडीच्या किनाऱ्यालाहि लागलेलीं नाहींत. दगडाच्या तारखेपुढें शालेय समज टिकत नाहीं.

हें कशानें झालें? एक कारण भाषेच्या अंगचेंच होतें. जर्मानिक भाषांत आघात शब्दाच्या आद्यावयवावर पडतो, त्यामुळें अंत्य स्वर क्षीण होत जातात; सर्वच भाषाभगिनींना हा रोग थोडाफार जडला. परंतु उत्तरेकडे तो आधीं व जोरानें कां बळावला याचें उत्तर आमच्या मतें शेजाराच्या व्यवहारांत आहे. इंग्रजी व डेन बोलींत धातु व प्रातिपदिकें बहुधा एक. भिन्न होते ते प्रत्यय. बाजारांत घोडा विकणाऱ्या डेन माणसाला ‘घोडा’ शब्द समजे, प्रत्ययानें मात्र गोंधळ उडे. अशा ठिकाणीं दोघेहि प्रत्यय गिळतात व शब्दांच्या क्रमावर भागवितात. कांहीं पंडित या कारणास एवढें वजन देत नाहींत. तरी कर्कडेलच्या दगडावरचीं माणसें कोण होतीं, हें पाहिल्यावर तें अजिबात सोडून देणें आम्हांस शक्य वाटत नाहीं.

अशी स्थिति असतां १०६६ सालीं नॉर्मन आले. विल्यमनें प्रारंभीं जुना शिरस्ता चालविला. १०६७ त त्यानें लंडनच्या नागरिकांस दिलेली लहानशी सनद इंग्रजींत आहे. थोड्याच वर्षांत मात्र राजाचा दरबारी लेख लॅटिनांत होऊं लागला, आणि १०८६ ची सर्व जमिनीची मोजदाद लॅटिनांत झाली. बिशपांच्या गाद्या एकामागून एक परदेशीयांकडे गेल्या. वुस्टरचा वुल्फस्टन हा १०९५ त वारला तेव्हां इंग्रज बिशपांची जुनी परंपरा संपली. ज्या शाळांत मुलांना ‘से, सेओ, थॅट्’ घोकवून घेत त्या शाळांना आश्रय देणारा कोणी उरला नाहीं. पडदा असा खालीं आला.

याचें दर्शन एकाच पोथींत घडतें. पीटरबरो मठ १११६ त जळाला व त्यांतील राष्ट्रीय बखरीची प्रत नष्ट झाली. भिक्षूंनीं दुसरीकडून प्रत आणवून ११२१ च्या सुमारास ती नकलून घेतली, आणि मग स्वतः पुढील हकीकत लिहीत गेले, ११५४ पर्यंत. ही पोथी आज ऑक्सफर्डास आहे. नकललेला भाग विंचेस्टरच्या वळणाचा, शुद्ध. ११२२ पासून भिक्षूच्या स्वतःच्या लेखणींतला भाग सुरू होतो, तेथें विभक्ति डळमळूं लागतात. शेवटचा भाग दुसऱ्या एका हातानें एकाच बैठकीसारखा लिहिलेला. त्यांत स्टीफन राजाच्या कारकीर्दींतील बेबंदशाहीचें, सरदारांनीं किल्ले बांधून रयतेच्या केलेल्या छळाचें वर्णन आहे. तेथें लिंगभेद गेला आहे, विशेषणांचे प्रत्यय गेले आहेत, आणि ‘से, सेओ, थॅट्’ यांच्या सर्व रूपमालेच्या जागीं एक निर्विकार ‘थे’ उभा आहे. तोच आजचा ‘दि’. कांहीं पानांच्या अंतरावर दोन शतकांचा फरक दिसतो. पण भाषा तीस वर्षांत इतकी पालटत नसते. पालटलें होतें तें लिहिणाऱ्याचें शिक्षण. बोली आधींच तेथवर येऊन पोंचली होती.

या पोथींत आणखी एक गोष्ट आहे, ती संग्राहकांनीं अवश्य पाहावी. नकल करतांना भिक्षूंनीं सातव्या शतकासारख्या जुन्या सालांखालीं आपल्या मठाला मिळालेल्या देणग्यांचीं कलमें घुसडलीं. तीं बनावट सनदांवरून रचलेलीं आहेत. सभोंवतालचा मजकूर जुन्या भाषेंतला आणि घुसडलेलें कलम बाराव्या शतकांतल्या विभक्तीचें! सनद खोटी आहे हें शिक्क्याआधीं प्रत्ययानें सांगितलें.

फ्रेंच शब्दांविषयींहि तारखा पाहूनच बोलावें. पीटरबरोच्या त्या शेवटच्या भागांत ‘प्रिझन’, ‘जस्टिस’, ‘ट्रेझर’ यांचे पूर्वज दिसतात, पण एकंदर फ्रेंच शब्द फार थोडे आहेत. स्वारीला तेव्हां जवळजवळ नव्वद वर्षें झालेलीं होतीं. फ्रेंच शब्दांची खरी भरती येते ती १२५० नंतर दीडशें वर्षें. मध्ययुगाच्या अखेरपर्यंत आलेल्या अशा शब्दांची संख्या सुमारें १०,००० मानितात. जॉन राजानें १२०४ त नॉर्मंडी गमावली, सरदारांचा समुद्रापलीकडील घरोबा तुटत गेला, व त्यांच्या मुलानातवंडांस इंग्रजी बोलणें भाग पडलें. तें बोलतांना त्यांनीं आपले कायद्याचे, स्वयंपाकाचे, पोशाखाचे शब्द त्यांत ओतले. म्हणजे फ्रेंच शब्द विजयाच्या काळांत आले नाहींत, विजेत्यांची भाषा मावळूं लागली तेव्हां आले. न्यायालयांत वाद इंग्रजींतून चालावे असा कायदा १३६२ त झाला. आणि तो कायदा लिहिलेला आहे फ्रेंचमध्यें.

नॉर्मन वळणाच्या लेखनिकांनीं लेखनपद्धतिहि पालटली. ‘थॉर्न’ अक्षराच्या जागीं हळूहळू दोन रोमन अक्षरें आलीं. ‘क्वेन’ (राणी) हा शब्द पूर्वीं ‘क’ व ‘व’ यांच्या अक्षरांनीं लिहीत, तो फ्रेंच धर्तीवर निराळ्या अक्षरांनीं लिहूं लागले. उच्चार तोच, वेष निराळा. अक्षर बदललें कीं ध्वनि बदलला असें समजण्याची चूक जुन्या पोथ्यांच्या वाचनांत वारंवार होते.

आमच्याकडील फारसीची आठवण येथें सहज होते. मराठींत फारसी-अरबी शब्द हजारों आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितास राज्यव्यवहारकोश रचून त्यांना संस्कृत प्रतिशब्द द्यावे लागले, इतके. तरी ‘कागदाला’, ‘सरकारचा’ यांतील प्रत्यय मराठीच राहिले. फारसी दप्तरांतून आली, बांधावरून आली नाहीं. इंग्रजीच्या बाबतींत नॉर्मनांची फ्रेंच अशीच वरून आली व शब्द देऊन गेली. डेन लोकांची बोली बांधावरून आली व भाषेच्या सांध्यांपर्यंत शिरली.

डेन बोलीचे शब्द पडदा पडल्यावर लेखांत कसे प्रकटले याचा उत्तम नमुना बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका ग्रंथाचा आहे. लिंकनशायरकडील ओर्म नांवाच्या साधूनें — नांवच डेन वळणाचें — शुभवर्तमानांवर पद्यमय प्रवचनें लिहिलीं. ग्रंथाला नांवहि स्वतःचेंच दिलें. ग्रंथकाराच्या स्वहस्ताक्षरांतील ही पोथी ऑक्सफर्डास आहे. ऱ्हस्व स्वरापुढील प्रत्येक व्यंजन तो हट्टानें दोनदां लिहितो, व नकलकारांनींहि तसेंच लिहावें अशी ताकीद देतो. या हटवादीपणामुळें आठशें वर्षांपूर्वींचे स्वर ऱ्हस्व कीं दीर्घ हें आज निश्चयानें सांगतां येतें. ‘दे’ हें उत्तरेकडील सर्वनाम त्याच्या लेखणींत रुळलेलें आहे. दक्षिणेकडे तें सावकाश सरकलें: १४०० त वारलेला लंडनचा कवि चॉसर ‘दे’ लिहितो, पण ‘त्यांचा’ व ‘त्यांना’ यांकरितां जुनींच देशी रूपें वापरितो. १४९० त कॅक्स्टन या मुद्रकानें एक गोष्ट नमूद केली आहे. टेम्सच्या मुखाजवळ अडकलेल्या व्यापाऱ्यांपैकीं एकानें किनाऱ्यावरील बाईजवळ ‘एग्ज’ मागितलीं. तिनें आपणांस फ्रेंच येत नाहीं म्हणून सांगितलें. दुसऱ्यानें ‘एरेन’ म्हटल्यावर तिला अंडीं समजलीं. डेन लोकांच्या वस्तीला सहाशें वर्षें झालीं होतीं, तरी त्यांचा शब्द दक्षिणेंत अजून परका होता, आणि परका म्हणजे फ्रेंच, असें त्या बाईनें गृहीत धरिलें!

आतां वुस्टरकडे वळूं. वुल्फस्टनच्या मठांत जुन्या इंग्रजी पोथ्या जपून ठेविलेल्या होत्या. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील एक भिक्षु त्या वाचीत बसे. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. अक्षर कांपरें आहे, एवढ्यावरूनच तो ओळखला जातो. सुमारें २० पोथ्यांत, ओळींच्या मध्यें व समासांत, त्यानें जुन्या शब्दांचे अर्थ लिहिले, बहुतेक लॅटिनांत, कांहीं आपल्या काळच्या इंग्रजींत. एकंदर टिपणें ५०,००० च्या घरांत भरतात. स्वारीला दीडशें वर्षें होतात न होतात तोंच आपल्याच पूर्वजांची भाषा एका इंग्रज भिक्षूला कोशाच्या साह्यानें वाचावी लागत होती. एल्फ्रिकच्या व्याकरणाची त्यानें स्वतः एक प्रत केली, व ती करतांना रूपें नवीं केलीं. ती प्रत पुढें फाडली जाऊन तिचीं पानें दुसऱ्या एका ग्रंथाच्या बांधणींत पुठ्ठ्याकरितां चिकटविण्यांत आलीं. सर टॉमस फिलिप्स या प्रख्यात संग्राहकानें तीं तेथून सोडवून १८३८ त छापिलीं. व्याकरणाच्या त्या पानांबरोबर एक लहानसें पद्यहि निघालें. बीडपासूनच्या जुन्या आचार्यांचीं नांवें त्यांत एकामागून एक घेतलीं आहेत. त्यांनीं आमच्या लोकांस इंग्रजींतून शिकविलें, आतां ती विद्या टाकून दिलेली आहे व शिकविणारे दुसरेच लोक आहेत, असा त्याचा आशय आहे. कांपऱ्या हाताच्या त्या भिक्षूनें तें व्याकरणाच्या पाठोपाठ उतरून घेतलें होतें.